खिडकीच्या बाजूचा सूर

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते डबा खाताना, करमणूक म्हणून. खाली कमेंटमध्ये “उंदीर असेल” असं लिहिणारा तो मीच. त्यामुळे आज माझी टर उडवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

माझा पेशाच तसा आहे. इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत गाड्यांच्या आवाजाचं टेस्टिंग करतो. नवी कोरी गाडी मोटरवेवर गेली की डॅशबोर्डमागे कुठेतरी गुणगुण सुरू होते... ती नेमकी कुठून येते हे शोधायचा मला पगार मिळतो. आमच्याकडे भूत म्हणजे सैल झालेली क्लिप. सापडली की संपलं.

ही गोष्ट गेल्या मे महिन्यातली. शनिवारची दुपार, लख्ख ऊन, शेजारी कुणीतरी लॉन कापत होतं. अमावास्या होती का ते पाहिलं नाही.

आम्ही कॉव्हेंट्रीतल्याच अर्ल्सडनला राहतो, रांगेतल्या टेरेस्ड घरात. भिंतीला भिंत लागून वाझगेन अंकल राहतात. आर्मेनियन, सत्तरी ओलांडलेले. ‘अंकल’ मी आपल्या सवयीने म्हणतो, त्यांना ते आवडतं. ते मला ‘निखिल जान’ म्हणतात. त्यांच्यात नावापुढे जान लावायची पद्धत आहे, माणूस रागावला तरी लावतो.

ते आणि त्यांचा धाकटा भाऊ हायक दुदुक वाजवायचे. जर्दाळूच्या लाकडाचं, आपल्या सनईच्या जातीचं वाद्य. पण आवाज खालचा, घसा भरून आल्यासारखा. हे सहसा एकट्याने वाजवत नाहीत. एकजण चाल वाजवतो आणि दुसरा शेजारी बसून एकच सूर धरून ठेवतो, शेवटपर्यंत, न तोडता. तोंडाने फुंकता फुंकताच नाकाने श्वास घ्यायचा आणि गालात साठवायचा, अशी ती कसरत. चाल वाझगेन अंकलची, सूर हायकचा. भिंतीतून ऐकू यायचं तेव्हा माझी बायको मुग्धा टीव्ही बंद करायची. हायक वारला आणि पलीकडे एकदम सामसूम झाली.

एप्रिलमध्ये त्यांची मुलगी अनी आमच्याकडे आली. अंकलच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढचे दात जाणार, त्यानंतर ओठांत दुदुकची रीड धरता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

“एक चाल आहे,” अनी म्हणाली, “ती कुठेच रेकॉर्डेड नाही. यूट्यूबवर नाही, कुणी लिहूनही ठेवलेली नाही. Only in his fingers.”

मग तिने सांगितलं. अंकलचे आजोबा तुर्कस्तानातल्या मुश भागातल्या एका खेड्यातले. १९१५ च्या आर्मेनियनांच्या कत्तलीत घर, नातेवाईक, गावचं चर्च, सगळं गेलं. हे पोर तेवढं वाचलं आणि आर्मेनियातल्या ग्युम्रीच्या अनाथाश्रमात वाढलं. बरोबर काय आलं तर त्याचे वडील नांगर धरताना गुणगुणायचे ती चाल. त्या खेड्याचं नावसुद्धा आता बदललंय. आजोबांकडून ती मुलाकडे आली, मुलाकडून या दोन भावांकडे.

“मग वाजवू देत की. मी माइक आणतो.”

“सुराशिवाय वाजवणार नाही म्हणतात. मी ॲप लावून दिलं, त्यात चोवीस तास सूर चालतो. तर म्हणाले, याला दम लागत नाही, याच्याबरोबर मी काय वाजवू?”

इथे मुग्धाने तोंड उघडलं. “अगं, याचे आजोबा सनईला सूर धरायचे!”

हे खरं आहे. वाईला, देवळात. लहानपणी त्यांनी मला पपईच्या देठाची नळी देऊन पाण्याच्या पेल्यासमोर बसवलं होतं. फुंकत राहायचं, बुडबुडे थांबता कामा नयेत. माझे थांबायचे. दर वेळी थांबायचे. शेवटी आजोबा हसून म्हणाले होते, “तू आपला अभ्यास कर.”

पण अनीच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना. रोज ऑफिसातून आलो की हायकचं दुदुक घेऊन अंकलसमोर बसायचो. गाल दुखायचे, डोळ्यांतून पाणी यायचं आणि श्वास घेताना सूर तुटायचा तो तुटायचाच. अंकल शांतपणे म्हणायचे, “हायकही असाच होता, निखिल जान. शेवटी तर नेहमी सुरातून खाली यायचा. आळशी!” ऑपरेशन सोमवारवर आलं तेव्हा ते म्हणाले, “चोरून श्वास घे. मी सांभाळून घेतो.”

तर तो शनिवार. त्यांची पुढची खोली. मधे अंकल, भिंतीच्या बाजूला मी. खिडकीच्या बाजूला एक डायनिंगची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी माझ्या केबल्सचं भेंडोळं टाकलं होतं. समोर दोन माइक, एक या अंगाला, एक त्या. लॉनवाल्याला थांबायची विनंती करून आलो. फ्रिज, बॉयलर, फोन मी स्वतः बंद केले. अनी दारात उभी होती.

सुरुवात बरी झाली. मी दोनदा श्वास चोरला, अंकलनी दोन्ही वेळा चाल जरा मोठी करून झाकून घेतलं. मग ती वर चढायला लागली. अंकलचे डोळे मिटलेले, गालावरून पाणी ओघळत होतं. आणि नेमका तेव्हाच मला ठसका लागला. साधासुधा नाही, जीव घाबरा करणारा. दुदुक तोंडातून काढून मांडीवर ठेवलं, तोंड बाहीत खुपसलं आणि मनात म्हटलं, घालवली. शंभर वर्षं टिकलेली चाल मी घालवली. मला खरंच रडू आलं.

सूर चालूच होता.

मी मांडीवरच्या दुदुककडे पाहिलं. मग अनीकडे. ती माझ्या मांडीकडेच बघत होती. अंकल वाजवत राहिले आणि त्यांच्याखाली तो सूर, तसाच, एकसारखा. मी हललो नाही. भीती नाही वाटली, हे मला आजही विचित्र वाटतं. एवढंच वाटलं की आता मधे काही करू नये.

चाल संपली. अंकलनी डोळे पुसले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि चहा टाकायला उठले. त्यांना सांगायचं नाही, हे अनीचं आणि माझं न बोलताच ठरलं.

रेकॉर्डिंग मी ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. कितीदा ऐकलं असेल, सांगत नाही. ठसका त्यात स्वच्छ आहे आणि ठसक्याखाली सूर अखंड आहे. खोलीचा घुमारा म्हणावा तर तो क्षणात विरतो. पाइप, रस्ता, शेजार, सगळं तपासून झालं. दोन माइक असले की आवाज कुठल्या बाजूने आला हे काढता येतं, माझं तेच काम. ठसक्याआधी सूर माझ्या बाजूने येतोय. नंतर खिडकीच्या बाजूने. ऑफिसातल्या सहकाऱ्याला काही न सांगता तपासायला दिलं. तो म्हणाला, “दुसरा वादक चांगला आहे तुझा.”

ऑपरेशन नीट पार पडलं. जूनमध्ये अंकल घरी आले, बोलणं अजून अस्पष्ट होतं. रेकॉर्डिंग ऐकायचं म्हणाले. अनीने हेडफोन लावून दिले. मी समोर बसलो होतो. ठसक्यापाशी ते किंचित हसले आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारली. म्हणजे ठसका ऐकला होता त्यांनी... तेव्हाही ऐकला होता. मग पुन्हा डोळे मिटून बसले.

अगदी शेवटी तो सूर जरासा खाली येतो. मला ते ग्राफवर दिसलं होतं, पण मी कुणाला बोललो नव्हतो. तिथे अंकलनी डोळे उघडले, खिडकीच्या बाजूला मान वळवली आणि आर्मेनियनमध्ये काहीतरी पुटपुटले. अनीचा हात तोंडावर गेला.

“काय म्हणाले?”

“‘आलास ना शेवटी खाली? आळशी, हायक जान.’”

अनी आता त्या रेकॉर्डिंगवरून चाल शिकतेय, भिंतीतून ऐकू येतं. ती सैल क्लिप मला अजून सापडलेली नाही. सापडली तर इथे येऊन लिहीन, “उंदीर होता” म्हणून. तोवर एवढंच की त्यांच्याकडे गेलो की त्या खुर्चीवर मी काही ठेवत नाही.