औषधगाडीच्या किल्ल्या

पेनसिल्व्हेनियातल्या त्या वृद्धाश्रमात वर्ना ह्रुस्काच्या खोलीवर पाटी होती, 'संसर्ग प्रतिबंध नर्स'. खोली मात्र वर्षभर बंदच. रोज सकाळी कुणीतरी नर्स दांडी मारायची आणि मुख्य नर्स डार्लीन औषधगाडीच्या किल्ल्या वर्नाच्या हातावर ठेवायची. तिथला रिवाजच तसा: किल्ल्या घेतल्या की इमारतीची ती बाजू तुमची, दुसऱ्या नर्सने त्या घेईपर्यंत हलायचं नाही. मग वर्ना गोळ्या वाटायची आणि जंतू मोकाट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

जानेवारीत दोघांना जुलाब लागले, ते वर्नाला कळलं चौथ्या दिवशी. तोवर अकरा जण आडवे झाले होते. त्यातला ओटिस, सोंगट्यांच्या डावात तिला हरवून वर खिजवणारा, इस्पितळातून परत आलाच नाही. वर्नाने त्याबद्दल स्वतःला माफ केलं नव्हतं.

मार्चमधल्या एका सोमवारी रात्रपाळीच्या वहीत तीन उलट्यांची नोंद होती. ती वही घेऊन वर्ना निघाली, तोच डार्लीन आडवी आली.

"नर्स केली आज आली नाही. ह्या घे किल्ल्या, पूर्वेची बाजू."

"नाही."

"अगं, वीस म्हाताऱ्यांच्या गोळ्या खोळंबल्यात!"

"आणि तीन जण ओकतायत. त्यांना वेगळं कोण ठेवणार? दारावरची पाटी?"

"काढून टाकतील हं तुला. मी मध्ये पडणार नाही."

"काढू देत. जानेवारीत ऐकलं ना तुझं? ओटिसच्या मुलीला फोन मला करावा लागला, डार्लीन. तुला नाही."

डार्लीनने किल्ल्या तिच्या नाकासमोर धरल्या. वर्नाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"गोळ्या वाटायचा परवाना तुझ्याकडेही आहे," ती म्हणाली. "मीच शिकवलंय तुला. विसरली असशील तर यादी गाडीवरच आहे."

आणि ती चालू लागली. तीन खोल्यांची दारं लावली, बाहेर झगे-हातमोजे टांगले, जेवणघर बंद करून ताटं खोल्यांत पाठवली. स्वयंपाक्याने शिव्या घातल्या. तिने व्याजासकट परत केल्या.

दहाच्या सुमारास गाडीची चाकं कुरकुरत आली. डार्लीनच ढकलत होती, घामाघूम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वर्नाच्या उघड्या दाराशी ती थांबली.

"बारा नंबरच्या मिल्ड्रेडला मळमळतंय," ती घुश्शातच म्हणाली. "आत्ताच. म्हटलं, तुला सांगावं."

जानेवारीत एवढंच सांगायला चार दिवस लागले होते. वर्नाने वहीत चौथं नाव लिहिलं आणि झगा उचलला.