सासूबाई, सातशे सीसी आणि मी

ज्या इंजिनावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या, ते सातशे सीसीचं होतं.

बसल्या होत्या म्हणजे अगदी वरच. आमच्या मेहुण्याच्या, दत्तूच्या त्या जुन्या छोट्या टेम्पोचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली आहे. दोन सिलिंडर, डिझेल, सोळा अश्वशक्ती, पाण्याने थंड होणारं. हे सगळं मला पाठ होतं, कारण आदल्या दिवशी टेम्पोच्या कप्प्यात त्याची माहितीपुस्तिका सापडली आणि मी ती कव्हरपासून वाचायला घेतली. (शेवटपर्यंत वाचली असं मी कुठेही म्हटलेलं नाही.)

प्रसंग होता आमच्या चिरंजीवांच्या, निखिलच्या साखरपुड्याचा. मुलगी कोपरगावची, वडील ऊसवाले बागायतदार. आम्ही सोनईचे. मी तिथल्या हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवतोय. सकाळी आमची मंडळी जीपमध्ये बसली, तेव्हा लक्षात आलं की माणसं बसली तर फळांची ताटं मावत नाहीत आणि ताटं ठेवली तर माझी बहीण मावत नाही. त्यात सासूबाईंनी (मी त्यांना मामी म्हणतो) जाहीर केलं की मागच्या सीटवर आपल्याला मळमळतं, पुढेच बसणार. पुढे तर नवरदेव बसलेला. मग ठरलं की ताटं, पेढे आणि मामी टेम्पोतून जातील. जीप दत्तू चालवणार होता. टेम्पो कोण चालवणार, असं हिने विचारलं आणि मी हात वर केला. वर्गात ज्यांचे हात आधी वर होतात त्यांना उत्तर बहुधा येत नसतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

दत्तूने किल्ली देताना काहीतरी सांगायला सुरुवात केली. "दाजी, त्यो पान्याचा काटा हाय ना..."

"वाचलंय मी सगळं," मी म्हणालो.

त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. मेहुणे फार समजूतदार असतात, हाच त्यांचा दोष.

एप्रिल महिना होता. साखरपुड्याची अंगठी मामींच्या कनवटीला होती आणि मुहूर्त बारा पस्तीसचा. हिने मामींसाठी बर्फाच्या पाण्याचा मोठा थर्मास दिला होता. राहुरीपर्यंत आम्ही झोकात गेलो. मी मामींना इंजिनाची माहिती दिली. हवा दाबली की तापते, तापल्या हवेत डिझेल फवारलं की पेटतं, ठिणगी लागतच नाही. मामी खिडकीतून ऊस बघत होत्या.

कोल्हारचा पूल ओलांडला आणि त्या म्हणाल्या, "जावईबापू, खालून लई गरम लागतंय."

मी काट्याकडे पाहिलं. तापमानाचा काटा बरोब्बर मध्यावर होता. मी त्यांना समजावलं की इंजिन नव्वद अंशांपर्यंत तापणं हे त्याच्या प्रकृतीला धरूनच आहे, उलट थंड राहिलं तर काळजी. त्यांनी पदराची घडी करून खाली घेतली.

राहात्याला त्यांनी घडीवर पेढ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा ठेवला. मी पुन्हा काटा दाखवला. तो मध्यावरून केसभरही हललेला नव्हता. इतकं स्थिर तापमान मी प्रयोगशाळेतही कधी पाहिलं नव्हतं आणि हे मी कौतुकाने बोलूनही दाखवलं.

"काटा न्हाई बसलेला हितं," मामी म्हणाल्या. "मी बसलेय."

हे वाक्य तेव्हा मला अशास्त्रीय वाटलं.

शिर्डी मागे पडली आणि टेम्पोचा जोर गेला. मी पाय दाबत होतो आणि तो मंद होत होता. सावळीविहिरीच्या अलीकडे सीटच्या फटीतून वाफ आली. मामी दार उघडून उतरल्या. टेम्पो थांबायची त्यांनी वाट पाहिली नाही. (थांबत आला होता. देवाची कृपा.) त्या रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसल्या, कनवटीवर हात ठेवून. अंगठी सुरक्षित होती. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. काटा अजून मध्यावरच होता.

मी सीट उचलली. आत भजी तळायला घेतल्यासारखा आवाज चालला होता. पुढचं मी शांतपणे सांगतो. रेडिएटरचं झाकण उघडायला फडकं हवं होतं, ते नव्हतं, म्हणून व्याह्यांना द्यायला आणलेला टॉवेल घेतला. झाकण अर्धं फिरवलं आणि आतल्या तांबूस पाण्याने उडी मारली. हात वाचला, कारण मी स्वतः पाण्याच्या आधी उडी मारली होती. पांढरा झब्बा मात्र जागेवर राहिल्यासारखा पुरता रंगला.

आता इंजिनात पाणी घालायला हवं, हे उघड होतं. पाणी कुठे, तर थर्मासमध्ये. मी तो आणला. मामींनी लिंबाखालून विचारलं की थोडं निवू द्यावं का. मी म्हणालो, तेवढा वेळ नाही, आणि ते बर्फाचं पाणी एका दमात ओतलं.

"टक्" असा आवाज झाला. फार मोठा नाही. सुपारी फुटावी तेवढा.

"काय वाजलं?" मामींनी विचारलं.

"काही नाही. धातू थंड झाला की आकुंचन पावतो."

हे वाक्य मी आठवीच्या वर्गाला दर वर्षी सांगतो. पुढचं वाक्यही सांगतो: तापलेल्या वस्तूवर एकदम गार पाणी पडलं की तिला तडा जातो, म्हणून कंदिलाच्या तापल्या काचेवर पाणी उडवू नये. ते पुढचं वाक्य मला तिथे उभ्याउभ्या आठवलं, पण तोवर थर्मास रिकामा झाला होता.

किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण दोन सिलिंडरांपैकी एकच कामावर आलं होतं. टेम्पो जागच्या जागी डोलू लागला आणि मागून पांढरा धूर निघाला, इतका की एक मोटारसायकलवाला दिवा लावून गेला. मी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. काळं ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं, म्हणजे पाणी आत शिरलं होतं. मग इंजिन एक उचकी देऊन बंद पडलं. सोळाच्या सोळा अश्व मेले.

दत्तूला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"दाजी, गार पानी वतलं का?"

मी रिकाम्या थर्मासचं झाकण लावलं.

"त्यो काटा मेलाय दोन वर्सांपासनं," तो म्हणाला. "त्येच सांगत हुतो सकाळी."

त्यानंतर मी पुस्तिका उघडली. पान चौदा, जाड चौकटीत: गरम इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये. मी पान अकरापर्यंत आलो होतो.

आमच्या मदतीला प्रत्यक्ष व्याही आले, ट्रॅक्टर घेऊन. जीपला ओढायचा दोर बांधायला जागा नव्हती आणि दत्तू नवरदेवाचा मामा, त्याला विधीतून हलता येईना. व्याही धोतर, टोपी आणि कोऱ्या उपरण्यासह ट्रॅक्टरवर बसलेले. माझ्या झब्ब्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि सभ्यपणे उसाकडे पाहू लागले. मी मामींना टेम्पोत बसा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, त्यात आता मी न्हाई बसायची. त्या सरळ ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, व्याह्यांच्या शेजारी चढून बसल्या. दोर बांधला. पुढे व्याही आणि माझ्या सासूबाई गप्पा मारत, मागे मी बंद टेम्पोत स्टिअरिंग धरून, कपड्यांवर गंजाची नक्षी, अशी आमची वरात निघाली.

मांडवाशी पोहोचलो तेव्हा बारा तेहतीस झाले होते. सनईवाल्याला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्याने वाजवायला घेतलं. फोटोवाला धावत आला आणि दोर, टेम्पो, मी असं सगळं त्याने एका चौकटीत घेतलं. मामींनी उतरून अंगठी काढली. बारा पस्तीसला ती मुलीच्या बोटात होती. त्या अंगठीला माझ्यामुळे काहीही झालं नाही, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकतो.

जेवणानंतर मुलाला आणि मुलीला थोडं बोलायला बाहेर बसवलं. मुलगी, स्नेहल, भौतिकशास्त्राची पदवीधर. तिने म्हणे पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचे बाबा शिक्षक आहेत ना? कोणता विषय?" स्थळाच्या कागदावर आम्ही फक्त 'वडील: शिक्षक' एवढंच लिहिलं होतं.

निखिल हे मला नंतर घरी सांगत होता. मी विचारलं, मग तू काय म्हणालास?

"इतिहास," तो म्हणाला.

दत्तूचा टेम्पो वीस दिवस गॅरेजमध्ये पडून होता. तोवर तो रोज एसटीने भाजी बाजारात नेत होता. लग्न व्यवस्थित पार पडलं. सूनबाईंना खरी गोष्ट आता ठाऊक आहे आणि त्या घरात मला कधीच गॅसचं बटण हाताळू देत नाहीत. पण माहेरी त्यांनी सांगितलेलं नाही. ही त्यांची थोरवी. त्यामुळे व्याह्यांच्या लेखी मी अजून इतिहासाचा मास्तर आहे. गेल्या दिवाळीला ते आले, सुपारी कातरली आणि गंभीरपणे विचारलं, "सर, पानिपतात आपण हरलो कशानं?"

मी ते प्रकरण शाळेत असताना वाचलं होतं, तेही पाठ करण्यापुरतं. पण माझ्या तोंडून उत्तर लगेच निघालं.

"बरोबरच्यांचं ऐकलं नाही," मी म्हणालो.

व्याह्यांनी मान डोलावली. इतका अभ्यास असलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.