शालूमावशीची तळहाताएवढी वाकळ

शालूमावशी आज सकाळी गेली.
हळहळू नका. जिंकून गेलीय बाई.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. राजारामपुरीत माझं डीटीपीचं दुकान होतं.

मावशीचा खांदा कामातनं गेलेला, मोठी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणं बंद. आणि तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं शिवलेली शेवटची वाकळ हात लावला की फाटायची.
"ही गेली की आई गेली बघ," म्हणायची.

एक दिवस ती वाकळच घेऊन दुकानात हजर.
"हिचा फोटू काढ. बारीक कर. आन् कापडावर छाप."
"मावशे, कलर प्रिंटर हाय त्यो, शिलाई मशीन न्हाय!"
"छापतोस काय जाऊ दुसरीकडं?"

मलमल खळीनं कागदावर चिकटवली, इस्त्री मारली आणि घातली प्रिंटरमध्ये.
अडकली की! मी प्रिंटरला शिव्या घातल्या, मावशीनं मला.

दुसऱ्यांदा मात्र वाकळेतले आजीच्या इरकली लुगड्याचे सगळे तुकडे जसेच्या तसे उतरले.
मावशीनं आत चिंध्या भरल्या, वरनं खरा धावदोरा घातला. महिला मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनात, बाहुलीघरातल्या पलंगावर अंथरली.

तासाभरात बोंब. पलंगाला मुंग्या!

आमच्यात वाकळ उपाशी ठेवत न्हाईत. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालूनच शिवतात. बाईनं बाहुलीच्या वाकळेलाबी जेवू घातलं होतं. वर तूप लावून!

"उचला हे इथून," संयोजक बाई म्हणाल्या. "तसंही छापलेलंच आहे."

झालं. मावशी पेटली.
मुंग्या झटकल्या, तिथंच कोपरा उसवला, भाकरी काढून तांदळाचा दाणा घातला आणि सगळ्यांदेखत परत शिवला.
"चित्र छापलंय. टाका माझा हाय. हात लावून बघा की!"

बायकांनी हात लावला. उलटून पालटून बघितलं.
एक म्हणाली, "माझ्या आईची वाकळबी अशीच विराय लागलीय. करून देशील?"

पहिला नंबर तर आलाच. पण मावशीला त्याचं काय न्हाय.
पुढं कितीतरी वर्षं हातकणंगल्यापासनं शाहूवाडीपर्यंतच्या बायका आपापल्या आईच्या फाटक्या वाकळा घेऊन माझ्या दुकानात. मी छापायचो, ती शिवायची.

आज गडमुडशिंगीत मावशीच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका रडत होत्या आणि पर्समधनं छोट्या वाकळा काढून एकमेकींना दाखवत होत्या.
"ही माझी आई."
"ही माझी."

मावशे, एकीचीबी आई जाऊ दिली न्हाईस गं.
आता निवांत झोप. शेवटचा रामराम.