आत्याच्या ईसीजीला जागा पुरेना

वेवजीला राहणारी माझी आत्या शेतात, चुलीपुढे, कुठेही एकदम कोसळायची आणि थोड्या वेळाने आपणच उठून बसायची. तलासरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना संशय होता, की तिचं हृदय मध्येच थांबतंय. पण नेहमीच्या छोट्या ईसीजीत ते सापडेना. लांब नोंद घ्यायला गेलं, की मशीन बंद पडून पुन्हा चालू व्हायचं आणि सगळी नोंद पुसली जायची.

ते मशीन डहाणूतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बनलेलं. त्याचा सी भाषेतला प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ कधीच सोडून गेले होते. आता ते काम माझ्याकडे होतं. डॉक्टरबाईंचा फोन आला तशी मी लॅपटॉप घेऊन नरपडच्या घरून स्कूटरवर निघाले.

दवाखान्यात आत्या खाटेवर होती, छातीला वायरी चिकटवलेल्या.

"तुझंच ना गं हे मशीन? मग होईल नीट," ती म्हणाली. मी लॅपटॉप मशीनला जोडला.

चूक दुपारी सापडली. नोंदीला किती मेमरी लागेल, हे प्रोग्रॅम मोजमापांची संख्या आणि प्रत्येकाला लागणारी जागा यांचा गुणाकार करून ठरवायचा. त्या छोट्या चिपमधला आकडा पासष्ट हजारांच्या जरा पुढे गेला, की पुन्हा शून्यापासून सुरू होई. म्हणजे नोंद जितकी लांब, तितकी मोठी जागा मागायच्या ऐवजी तो भलतीच लहान जागा मागायचा. ती मिळायची, आणि मग ठोके त्या जागेबाहेर, दुसऱ्याच मेमरीवर लिहिले जायचे, म्हणून मशीन बंद पडायचं.

मी गुणाकाराआधी तपासणी घातली: चिपला पेलणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याला त्यातल्या एका संख्येने भागायचं, दुसरी संख्या उत्तराहून मोठी असेल तर थांबायचं. मशीन आता बंद पडेना. पडद्यावर फक्त आलं, 'मेमरी अपुरी'.

"म्हणजे बंद पडत नाही, पण नोंदही घेत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हो."

"मग मी यांना काय सांगू?"

तेवढ्यात आत्याची मान कलंडली. डोळे फिरले. वायरी तिच्या छातीवर होत्या, आणि मशीन माझ्या लॅपटॉपला जोडलेलं, काहीच टिपत नव्हतं. डॉक्टरबाई धावल्या. मी तिथेच, हात कीबोर्डवर ठेवून, नुसती बघत राहिले.

ती शुद्धीवर आली. मला रडायलाही सवड नव्हती. नोंदीचे छोटे तुकडे करायचे, भरला तुकडा की मेमरी कार्डावर उतरवायचा, असं लिहून काढलं. मग मशीन सुरू करून आम्ही वाट बघत बसलो. ती पुन्हा बेशुद्ध व्हावी म्हणून वाट बघत होतो, हे कळत असूनही.

संध्याकाळी ते झालं. कागदावर ठोक्यांच्या मध्ये लांब, सरळ रेघ आली. डॉक्टरबाईंनी लगेच तिला वलसाडच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

पेसमेकर बसला. बाकीच्या दवाखान्यांतली मशीनं आम्ही परत मागवून दुरुस्त केली. आत्या आता हिंडते-फिरते, पण घरचे तिला एकटीला विहिरीवर जाऊ देत नाहीत, आणि त्यावरून ती रोज भांडते.