क्षयाच्या बंगल्यातलं बाळंतपण

चतुराबाईंनी लेकीचं पहिलं बाळंतपण क्षयाच्या जुन्या इस्पितळातल्या बंगल्यात केलं, हे रवीमामानं जेवताना सांगितलं तेव्हा आईच्या हातातली पळी वाटीवरच थांबली. "वेडी आहे का ती बाई?" आईनं विचारलं. मामा नुसता भात कालवत राहिला.

अकोल्याहून बाळापूरकडे जाताना ते आवार लागतं. एकोणसाठ साली इस्पितळ दुसरीकडे गेलं. मागे उरले डॉक्टरांचे तीन बंगले, काळ्या दगडाचे, सागवानी दारांचे. आणि राखणीला जुनी आया, चतुराबाई. पहिल्याच उन्हाळ्यात एका बंगल्याच्या खिडक्या चोरीला गेल्या. मग त्यांनी रोग्यांचे थुंकायचे डबे शोधून काढले, प्रत्येक पायरीवर मांडले आणि बाजारभर सांगितलं, "भिंतीतच बिमारी हाय बापा. हात लावन तो खोकन." त्यानंतर कोणी कडीकोयंडासुद्धा उचलला नाही.

पण ते बोलणं लोकांच्या मनात इतकं मुरलं की त्रेसष्टमध्ये गावानंच अर्ज केला, हे रोगट बंगले पाडून टाका. हुकूम निघाला. मामा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर, मोजमापाला तोच गेला.

"सायेब, मीच खोटी बोलली," चतुराबाई त्याच्यापुढं हात जोडून म्हणाल्या. "गावात आमाले मागच्या दारी उभं करत. इथं डॉक्टरीनबाईनं मले समोरच्या दारातून आत नेलं, चुलीपाशी बसवलं. हे दार नोका पाडू."

मामा हसला होता. "चोरांना एक सांगायचं अन् आम्हाला दुसरं? आता तिथं राहायला कोण येईल?"

"मी राह्यतो ना."

"तुम्ही जन्मभर खोकणाऱ्यांतच वावरलात. तुम्हाला काय होणार! दुसरं कोणी राहून दाखवा."

तो थट्टेत बोलला होता. आठवड्यानं त्यांची लेक ललिता वरूडहून बाळंतपणाला माहेरी आली. चतुराबाईंनी डबे उचलले, भिंतींना चुना दिला आणि पोरीची बाज पहिल्या बंगल्यात टाकली. तिथंच तिला मुलगी झाली.

मामानं जेवताना हे सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. जावई धर्मपाल पायऱ्यांखाली उभा होता; वर पाऊल टाकायला धजत नव्हता.

"मामी," तो सासूला म्हणाला, "तुमी माय हा का कोन हा? घर नोतं तुमाले?"

"हेच घर समजा, जावईबापू. वर या, पोरगी पाहा."

"खाली आना तिले!"

आत ललिता भिंतीकडे पाठ करून बसली होती, भिंतीपासून हातभर दूर. कुशीत मूठभर मुलगी. मला पाहून ती हळूच म्हणाली, "ताई, मायले सांगा ना, मले घरी ने म्हना."

मामानं बाळाकडे पाहिलं आणि तडक बाहेर गेला.

मी चतुराबाईंना बाजूला घेतलं. "भिंतीत काही नाही, याची तुम्हाला खात्री होती ना?"

त्या गरम पाण्याचं पातेलं उतरवत होत्या. "चार वर्सं मीच सांगून राहिली, हाय म्हनून," त्या म्हणाल्या. "आता खात्री कोठून आनू?"

एक थेंबही न सांडता त्यांनी ते पाणी घंगाळात ओतलं.

सव्वा महिन्यानं मामानं वरिष्ठांना आणि एका डॉक्टरांना तिथं नेलं. मायलेकी दोघी धडधाकट निघाल्या. हुकूम मागं घेतला गेला. आज त्या बंगल्यांत परिचारिका राहतात, त्यांच्या साड्या व्हरांड्यात वाळतात, आणि गाव आता तिथं औषध विचारायला येतं.

ललिताची पुढची दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली. परवा वरूडला गेले तेव्हा तिला भेटले. मोठी मुलगी अंगणात संत्रं सोलत होती, गुटगुटीत. माहेरी का जात नाही, असं मी विचारलं.

"पोरीले काई झालं नाई, ताई, हे खरं," ती म्हणाली. "पन मायनं मले इचारलं नोतं."