लादीवरचे दोन थेंब

नातीने हट्टाने मला व्हिस्कीची डिस्टिलरी बघायला नेलं. फेरी संपल्यावर चवीसाठी ग्लास हातात आला, आणि मी बोट बुडवून दोन थेंब चकचकीत लादीवर शिंपडले.

"आजी, सांडतेस काय?"

"तुझ्या आजोबांना देते."

गिरीज गावातल्या आमच्या वाडीत हे दारू पिण्याआधी पितरांना असेच थेंब द्यायचे. मी नवी नवरी, नाक मुरडून म्हणायचे, "तुमचे पितर काय मांजरं आहेत, जमिनीवरचं चाटायला?" मोठी शहाणी! पितर म्हणजे सासरचे कुणीतरी जुने म्हातारे, एवढीच माझी अक्कल. यंदा हेच त्यांच्यात जाऊन बसले.

माहिती सांगणारी मुलगी फडकं घेऊन धावली.

"राहू दे गं," मी म्हटलं, "त्यांना सावकाश प्यायची सवय आहे."

थेंब वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.