कपाटामागचा अभ्यास

आमच्या मुलांची अभ्यासाची खोली लोखंडी कपाटाच्या मागे होती, आणि तिचं उद्घाटन मला आत कोंडून झालं.

घर आमचं मुलुंड पूर्वेला, एक खोली आणि स्वयंपाकघर. ऐंशीच्या दशकात एवढ्या जागेत चार माणसं म्हणजे ऐसपैसच म्हणायचं. (चेंबूरला माझ्या भावाकडे तेवढ्याच जागेत सात माणसं होती, शिवाय एक पोपट.) जागा कमी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पण आमचा मिलिंद सातवीच्या सहामाहीत गणितात नापास झाला आणि त्याच्या सरांनी मला शाळेत बोलावलं.

"तुम्ही काय करता?" सरांनी विचारलं.

"कंपनीत हिशेबखात्यात आहे," मी शक्य तितक्या हळू म्हणालो.

सरांनी मिलिंदचा पेपर आणि माझा चेहरा आळीपाळीने पाहिला. "घरी हा अभ्यासाला बसतो कुठे?"

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. "सकाळी देव्हाऱ्यापुढे, दुपारी शिवणयंत्रावर आणि संध्याकाळी टीव्हीपुढे."

"मग बरोबर आहे," सर म्हणाले. "पुढच्या सोमवारी फेरपरीक्षा घेतो. त्यातही उडाला, तर 'अ' तुकडीतून 'ड'मध्ये."

'ड' तुकडीची ख्याती आमच्या बिल्डिंगपर्यंत पोचलेली होती. तिथल्या मुलांनी फळा विकला होता असं म्हणत. घरी येताना मिलिंद म्हणाला, "बाबा, 'ड'मध्ये क्रिकेट झकास खेळतात." त्याच क्षणी मी ठरवलं, घरात अभ्यासाची जागा झालीच पाहिजे!

मी आलेखाचा कागद आणला. खोलीचा नकाशा काढला, एका चौकोनाला तीन इंच. पलंग, शिवणयंत्र, टीव्ही, कपाट, सगळ्यांचे पुठ्ठे कापले आणि आठवडाभर ते नकाशावर सरकवत बसलो. आमची धाकटी वर्षा तिसरीत होती. तिला वाटलं बाबांनी नवा खेळ आणलाय. तिने त्यात बाहुलीचा पाळणा घातला आणि माझा एक अख्खा दिवस पलंगाला जागा कमी का पडतेय हे शोधण्यात गेला.

शेवटी उत्तर सापडलं. खिडकीचा कोपरा आणि खोलीतला खांब यांच्यामध्ये कपाट आडवं लावायचं. कपाटाची पाठ खिडकीकडे. मागे तीन फूट जागा उरते. तिथे टेबल, खुर्ची, दिवा. कपाट आणि खांब यांच्यामध्ये आत जायला सोळा इंच. मिलिंद खांद्यापाशी साडेतेरा इंच भरला (उभा करून मोजला!), म्हणजे अडीच इंच वाढीला शिल्लक.

"आणि टीव्हीचं बटण?" माझ्या बायकोने, सुनंदाने, विचारलं. "ते त्याच कोपऱ्यात आहे ना?"

"तेच तर! बटण अभ्यासाच्या जागेत. टीव्हीची वायर तिथून बाहेर. अभ्यास संपल्याशिवाय टीव्ही लागणारच नाही."

"आणि ती हलणारी लादी?"

खांबाजवळ एक लादी डुगडुगत होती. तिच्या खाली पोकळ झालं होतं, पाय पडला की 'टॉक' वाजे.

"लादी नकाशात नाही," मी म्हणालो.

रविवारी संध्याकाळी मुहूर्त धरला, कारण रविवारी माणसं आपण होऊन येत. मजल्यावर टीव्ही फक्त आमच्याकडे होता, त्यामुळे सिनेमाच्या आधी निम्मी बिल्डिंग चटया घेऊन हजर व्हायची. त्यातल्या चौघांना मी जरा लवकर बोलावलं. म्होरके शेजारचे गावडे. मूळचे मालवणकडचे, गिरणीत ताकदीची कामं केलेले आणि गिरणी सुटल्यावर मरोळच्या एका कारखान्यात लागलेले.

गावड्यांनी कपाटाला एकदा खांदा लावून बघितला. "कर्णिकसाहेब, ह्यां आधी रिकामा करूचा लागतला."

"मुळीच नाही," आतून सुनंदा म्हणाली. "माझ्या साड्या कोणी उपसायच्या नाहीत. आणि वरच्या ट्रंकांना पण हात लावू नका, त्यात दिवाळीची भांडी आहेत."

तेव्हा कपाट साड्यांसकट, वर दोन ट्रंका आणि त्यावर माळ्यापर्यंत गाद्या अशा अवस्थेत हलवायचं ठरलं. मी जमिनीवर खडूने रेघ मारली आणि रेघेवर नजर ठेवायला कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. नकाशा ज्याचा, त्यानेच मुक्कामावर उभं राहिलं पाहिजे!

"हं, ढकला! अजून! सहा इंच! चार! तीन!"

"टॉक," लादी म्हणाली.

मग 'धप्प' असा आवाज झाला. कपाटाचा पाय लादीसकट खाली गेला, कपाट डुललं, खांबावर जाऊन टेकलं आणि तिरकं होऊन तिथेच बसलं. मला समोर फक्त कपाटाची पाठ दिसत होती. उजवीकडे खांबाजवळ एक फट होती, आणि फटीत गावड्यांचा एक डोळा.

"साहेब, लागला काय?"

"मी ठीक आहे. फट किती आहे?"

"माका काय म्हायत? टेप तुमच्याच खिशात आसा."

मी मोजली. पाच इंच. मग स्वतःला मोजलं. तो आकडा इथे देत नाही.

पुढच्या पंधरा मिनिटांत चौघांनी कपाट ओढलं, उचललं, मालवणीत समजावलं. ते हललं नाही. रिकामं करावं म्हटलं तर चौकट पिळली गेल्यामुळे दारच उघडेना! वरून चढून यावं तर गाद्या माळ्याला भिडलेल्या. खिडकीला गज. एवढ्यात चटया यायला लागल्या. समोरच्या नेनेवहिनी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, म्हणजे बरोबर कपाटाला टेकून बसल्या.

"वहिनी, जरा उठा, मी आत अडकलोय."

"अगंबाई! मग आता कुठे जाणार आहात? बसा की निवांत."

"गावडे, अहो, पहार आणा कुठून तरी!"

फटीतला डोळा जरा विचारात पडला. "पहार वॉचमनकडे आसा, आणि वॉचमन हंयच सिनेमा बघूक बसलो हा. आधी सिनेमा होवंदे, मगे तुमका भायर काढतंव."

तेवढ्यात वर्षा फटीशी आली. "बाबा, आई विचारतेय चहा हवा का."

कप फटीतून आला. बशी उभी करून आली. मी खुर्चीवर बसलो. (खुर्ची आणि टेबल सकाळीच आत लावून ठेवलेलं होतं. योजना म्हणून काही असते!) टेबलावर दिवा होता, मिलिंदचं गणिताचं पुस्तक आणि कोरी वही होती. उद्या सोमवार. उद्या फेरपरीक्षा. आणि तो 'ड' तुकडीचा उमेदवार बाहेर सिनेमा बघत बसला होता!

"मिलिंद!" मी हाक मारली. "अभ्यासाला बस!"

"कुठे बसू बाबा? जागेत तुम्ही आहात."

सगळी खोली हसली. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. बटण माझ्या उजव्या हाताशी होतं. मी ते दाबलं.

बाहेरचे संवाद अर्ध्यात तुटले. मग जो गलका झाला तो मी कोपऱ्यात असूनही मला स्पष्ट दिसला.

"लाइट गेली काय रे?"

"पंखा चालू आहे की! टीव्ही गेला!"

"टीव्ही गेलेला नाही," मी कपाटामागून जाहीर केलं. "टीव्ही माझ्याकडे आहे."

"अहो, काय हे! तिचं लग्न मोडतंय तिथे!" नेनेवहिनी.

"माझ्या मुलाची तुकडी मोडतेय इथे! मी गणितं वाचतो. मिलिंदने सोडवायची. उत्तर बरोबर आलं की टीव्ही लागेल. मागे उत्तरं छापलेली आहेत, मी ताडून बघणार."

"सुनंदावहिनी, तुम्ही काही बोला ना त्यांना!"

"मी काय बोलणार?" सुनंदा म्हणाली. "माझा हात पोचत नाही."

मी पहिलं गणित वाचलं. सहा गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर चार गवंडी किती दिवसांत बांधतील?

"मिस्त्री कोण हा त्याच्यावर आसा," गावडे म्हणाले.

"मिस्त्री नाही. नुसते गवंडी."

"मगे भिंत उभीच रवाची नाय!"

"गावडेकाका, गप बसा ना यार!" हा मिलिंदचा आवाज. पण असा आवाज मी त्याच्या तोंडून अभ्यासाच्या बाबतीत कधी ऐकलाच नव्हता. "सहा आठे अठ्ठेचाळीस. भागिले चार. बारा! बाबा, बारा! लावा!"

उत्तर बरोबर होतं. मी बटण दाबलं. पण आमचा टीव्ही जुना, चित्र यायला वेळ लागे. चित्र आलं तेव्हा नायिका भलत्याच घरात होती.

"लग्न झालं की काय हिचं?" नेनेवहिनी कळवळल्या. "मिलिंद, पुढचं गणित लवकर कर हो राजा!"

मग काय विचारता! मी थोडा वेळ सिनेमा चालू द्यायचो आणि बरोबर हाणामारीच्या आधी बंद करायचो. (पडदा दिसत नव्हता, पण वाद्यं वाढली की कळतं.) काळ-काम झालं. वेग-अंतर झालं. आगगाडीने पूल ओलांडला तेव्हा वॉचमनने टाळ्या वाजवल्या. सगळी खोली मिलिंदला खांद्यावर घेतल्यासारखी ओरडत होती. "छेद दे रे, छेद!" "अरे मिनिटांचे तास कर ना!" सर्वांत मोठ्याने नेनेवहिनी. आणि मिलिंद सोडवत होता! टीव्हीपुढे चटईवर पालथा पडून, मांडीवर वर्षाला घेतलेल्या शेजाऱ्याच्या पायाशी, कोणाची तरी कोपरं लागत असताना, धडाधड सोडवत होता!

मला भरून आलं. हात पसरायलाही जागा नसलेल्या त्या कोपऱ्यात मी एकटाच छाती फुगवून बसलो, आणि त्यामुळे खांद्याला कपाट लागलं.

सिनेमाचा शेवट आला तेव्हा मी शेवटचं गणित काढलं, हौदाचं. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. तळाच्या भोकातून भरलेला हौद बारा तासांत रिकामा होतो. सगळं एकदम चालू असेल तर हौद किती वेळात भरेल?

"आमच्या बिल्डिंगीत नळाक पाणी येता सकाळी अर्धो तास," गावडे म्हणाले. "हौद भरूचोच नाय."

"तीन तास," मिलिंद म्हणाला.

मी वहीत आधीच करून ठेवलं होतं. "चूक! दोन तास चोवीस मिनिटं."

"तीन तास, बाबा."

"अरे, हिशेबखात्यात आयुष्य गेलं माझं! एक चतुर्थांश अधिक एक षष्ठांश..."

"बाबा, भोक विसरलात."

मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. मग ते हळूच मिटलं.

"अहो, काय आहे मागे?" सुनंदाने विचारलं.

मी दिव्याची मान सरळ केली.

"अहो?"

"तीन तास," मी म्हणालो.

"लादीसारखंच!" सुनंदा म्हणाली. "भोक म्हणून यांच्या नकाशात येतच नाही!"

खोलीत जो हशा उसळला, त्याने वरच्या ट्रंकेतली दिवाळीची भांडी वाजली. मी निमूटपणे बटण दाबलं. चित्र आलं तेव्हा पडद्यावर सगळे एका रांगेत उभे राहून हसत होते आणि सिनेमा संपला होता. कोण कोणाचं कोण झालं हे आजतागायत आमच्या मजल्यावर कोणालाच माहीत नाही.

वॉचमनने पहार आणली. गावड्यांनी ती लादीच्या कडेला घातली, "हर हर महादेव" केलं आणि मी बाहेर आलो. पाठीला चुना, हातात टेप. नेनेवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "नशीब, परीक्षा तुमची नाही," त्या म्हणाल्या आणि चटई गुंडाळून निघून गेल्या.

सोमवारी मिलिंदची फेरपरीक्षा झाली. निकालाच्या दिवशी सरांनी मला पुन्हा बोलावलं. मी 'ड' तुकडीसाठी मनाची तयारी करून, शाळेच्या जिन्यावर घाम पुसत गेलो. तर सरांनी उठून हात पुढे केला!

"मुलगा चांगल्या गुणांनी पास. 'अ'मध्येच राहील. हौदाचं गणित तर फेरपरीक्षेला बसलेल्यांत दोघांनाच आलं."

मी खालमानेने 'वा' म्हणालो.

"अभ्यासाची जागा केलीत वाटतं घरात?"

"हो, केली."

"पालकसभेत जरा सांगा ना सगळ्यांना. लहान घरांतून आपल्या मुलांची फार पंचाईत होते हो. नेमकी कशी सोय केलीत?"

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही, हे मी मघाशीच सांगितलंय.

"साधी सोय आहे सर," मी म्हणालो. "मुलाला टीव्हीपुढे बसवायचं आणि बापाला कपाटामागे."